दाजींचे डोळे

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही या गोष्टीला वळसा घालूनच पुढे गेलो. एकदा मित्रांबरोबर जेवायला बसलो असताना विषय अगदी ओठांपर्यंत आला होता – आणि मी पाण्याचा तांब्या मागितला. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. ओळखत असता तर जमलं नसतं, हेही सांगून टाकतो.

सुरुवात कुठून करू? गाडीच्या दिव्यापासून की दाजींपासून? दिव्यापासून केली तर मला सोपं पडेल. दिव्याचं जे झालं ती चूक होती, आणि चूक कुणाच्याही हातून होते. तिची लाज वाटली तरी माणसाला झोप लागते. पण मला सांगायचं आहे ते चुकीबद्दल नाही, चूक झाल्यावर मी तोंडानं काय बोललो त्याबद्दल आहे. तरी दिव्यापासूनच सुरू करतो. बघा, इथेही मी सोपी वाट धरली.

मी पंक्चरवाला. आजोबांपर्यंत आमच्याकडे मेंढरं होती. वडिलांनी ती विकली आणि भांडगावला, सोलापूर रस्त्याच्या कडेला, पंक्चरचं दुकान टाकलं. त्यांच्याच हाताखाली मी शिकलो. ट्यूब फुगवायची, पाण्याच्या घमेल्यात फिरवायची, बुडबुडे येतील तिथे खूण करायची. कानशीनं घासायचं, सोल्यूशन लावायचं, फुंकर घालून वाळवायचं, रबराचं ठिगळ दाबून बसवायचं. पुन्हा पाण्यात. बुडबुडा आला नाही की काम झालं. हवा भरायचा व्हॉल्व्ह सोडला तर आमच्या धंद्यात भोक म्हणजे दोष. दिसलं की बुजवायचं, विचार करत बसायचं नाही.

हात चांगला होता माझा. हे मी आजही म्हणतो, आणि म्हणताना मला माझाच राग येतो. स्टोव्ह, पंप, शेतातले फवारे, टेपरेकॉर्डर – दिसेल ते उघडायचं आणि चालू करून द्यायचं. लोक म्हणायचे, इलासच्या हातात जादू आहे. विलासचा इलास कधी झाला ते मला आठवत नाही, पण ती जादू मात्र मी फार मनावर घेतली होती.

आता दाजी. माझी थोरली बहीण, आक्का, शिरूरला दिली होती. शिरूरच्या बाहेर, नगर रस्त्यापासून जरा आत, त्यांची वस्ती. दाजींचं नाव सोपान. उंच, सडसडीत, कमी बोलणारा माणूस. गळ्यात तुळशीची माळ. माळ घातली त्या दिवसापासून मटण-अंडं तर सोडाच, परक्याच्या घरचा चहासुद्धा आधी भांडं कसलं ते बघून घ्यायचे. पण त्याचा बडेजाव नाही. आम्ही मेव्हणे-मेव्हणे समोर बसून मटण ओरपायचो तेव्हा ते हसत उठून अंगणात जाऊन बसायचे. भांडगावला भावाभावांत दुकानावरून कटकट झाली तेव्हा मला शिरूरला आणलं ते त्यांनीच. नगर रस्त्याला जागा बघून दिली, पत्र्याची शेड उभी करताना स्वतः खांब धरले. म्हणजे मी ज्या जागेवर बसून लोकांना हाताची करामत दाखवत होतो ती जागाही त्यांचीच देणगी.

रांजणगावला कंपन्या उभ्या राहिल्या तशी आमच्याकडची पोरं पाळीवर जाऊ लागली. दाजींनी एक जुनी गाडी घेतली, आठ-नऊ माणसं बसतील अशी, आणि वस्त्यावस्त्यांवरून कामगार गोळा करून पहाटेच्या पाळीला नेऊ लागले. अंधारात निघायचं आणि उजाडता उजाडता गेटवर सोडायचं. वर्षानुवर्षं त्यांनी हे केलं. गाडी कुठे घासली नाही, कुणाची पाळी चुकली नाही. कामगार मागे शाली घेऊन झोपून जायचे. झोपायचे, यातच आलं सगळं – माणूस ज्याच्या गाडीत बिनघोर झोपतो त्याच्याबद्दल आणखी काय सांगायचं?

त्या गाडीच्या पुढच्या दिव्यांत पाणी धरायला लागलं. पावसाळा संपत आला होता. काचेच्या आत दव पडल्यासारखे थेंब. दिवा म्हणजे मागे प्लास्टिकचा डबा, पुढे काच, आणि दोघांना जोडणारा काळा, चिवट, डिंकासारखा मसाला. तो जुना होऊन तडकला की पाणी आत शिरतं. दाजी नवे दिवे घ्यायला निघाले होते. मीच अडवलं. म्हटलं, माझ्या घरात आणून ठेवा, नवे असल्यासारखे करून देतो.

घरी चुलीतली लाकडं ओढून घेतली, निखारे बाजूला सारले. गरम राखेवर पत्रा, पत्र्यावर दिवा, वरून घमेलं पालथं. रबर तापल्याचा वास घरभर झाला, बायको तोंडाला पदर लावून बाहेर जाऊन बसली. मसाला मऊ झाल्यावर पातळ सुरी फिरवून काच सोडवली. जुना मसाला खरवडला, पेट्रोलच्या फडक्यानं कडा पुसल्या, आतल्या चकाकत्या भागाला बोट लागू दिलं नाही. माशांच्या काचेच्या टाक्या चिकटवायचं सिलिकॉन आणून कडेनं भरलं, काच बसवली, आणि ट्यूबच्या पट्ट्या कापून दिवा करकचून बांधून ठेवला. दुसऱ्या दिवशी पट्ट्या सोडल्या. काम देखणं झालं होतं. आजही तसं कुणी करून दाखवावं.

मग मी काय केलं? पंक्चरवाल्यानं काय करावं? बल्बच्या तोंडाला फडकं कोंबलं आणि दिवा पाण्यात बुडवला.

काचेच्या कडेनं एक बुडबुडा नाही. पण मागून, खालच्या अंगाला, बुडबुड्यांची माळ सुरू झाली. बघतो तर तिथे बोटाच्या पेराएवढी एक नळी आणि तिला खाली वळवलेला रबराचा तुकडा. आत आरपार भोक. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. एवढी मोठी कंपनी, एवढे शिकलेले लोक, आणि भोक तसंच सोडलंय – पाणी येणार नाही तर काय होणार? मी रबराचा तुकडा काढून फेकला, नळी कापून सपाट केली, कानशीनं घासली, सोल्यूशन लावलं आणि गोल ठिगळ दाबून बसवलं. दोन्ही दिव्यांना. पुन्हा पाण्यात. एक बुडबुडा नाही. आत गेलेलं पाणी उन्हात धरून वाळवलं, निदान मला वाटलं की वाळलं, आणि दिवे गाडीला लावून दिले.

ते भोक श्वास घ्यायला ठेवलेलं होतं. बल्ब तापला की आतली हवा फुगते, ओल तिथून बाहेर पडते. हे आज शेंबड्या पोरालाही मोबाइलवर बघायला मिळेल. मला तेव्हा माहीत नव्हतं. इथपर्यंत चूक. इथपर्यंत मला कुणी काही म्हणणार नाही, आणि मीही स्वतःला म्हणत नाही.

थंडी पडली तशी दाजींची कुरबूर सुरू झाली. पहाटे थोडं अंतर गेलं की पुढचं धुरकट दिसतं. मी दुपारी दिवे बघितले. दिवसभर उन्हात तापलेली गाडी, काच कोरडी, स्वच्छ. काही नाही दाजी, म्हटलं. आठवड्यानं पुन्हा तेच. आणि त्या दिवशी दुकानात चार माणसं बसलेली. दाजी भिडस्त माणूस, तरी म्हणाले, "इलास, दिवे खोलल्यापासनं उजेडच कमी पडतोय बघ. काय ऱ्हायलं असंल तर बघ की एकदा."

चार माणसांसमोर. माझ्या हाताला नाव. मी ट्यूब घासत होतो, मान वर न करता म्हणालो, "दिवे ठणठणीत हायती दाजी. तुमचं डोळं दाखवा कुणाला. रातांधळं झालं असंल."

लोक हसले. दाजीही हसले. बस, एवढंच. जिभेला हाड नसतं म्हणतात ते असं. त्यात वैर नव्हतं, मत्सर नव्हता. मला फक्त त्या क्षणी तोंडघशी पडायचं नव्हतं.

पण खेड्यात थट्टा कुठे थट्टा राहते? तुम्ही बघितलं असेल. चार दिवसांत ती वस्तीवर पोचली. आक्का घाबरली. गाडीतली पोरं पहाटे गमतीनं विचारू लागली, मामा दिसतंय ना? आणि दाजी – ते स्वतःकडे संशयानं बघू लागले. अंधारात कुणाला लख्ख दिसतं? तुम्हाला दिसतं? पण ज्याच्या मनात एकदा घातलं, त्याला प्रत्येक ठेच म्हणजे पुरावा वाटायला लागते.

आक्का त्यांना दौंडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. आमच्या वडिलांचा मोतीबिंदू त्यांनीच काढला होता. मीही गेलो बरोबर. डॉक्टरांनी अक्षरं वाचायला लावली, औषध घालून आतून बघितलं, म्हणाले, नजर उत्तम आहे, वाचायला चष्मा लागेल एवढंच. आक्काचा चेहरा उजळला. इथे मी गप्प बसलो असतो तरी सगळं मिटलं असतं. गप्प बसायचं – एवढंसुद्धा जमलं नाही मला. परतीच्या एसटीत मी म्हणालो, "दिवसाढवळ्या बघून रातांधळं कसं कळंल, आक्का?" आक्का माझ्याकडे बघत राहिली. तिला ते पटलं. दाजी खिडकीतून बाहेर बघत होते, त्यांनाही ते ऐकू गेलं.

असं का बोललो? डोळे चांगले, म्हणजे मग दिवे वाईट. हा हिशेब माझ्या डोक्यात त्यांच्या आधी झाला होता.

आता ती पहाट. इथवर आलो आहे तर सांगूनच टाकतो, नाहीतर पुन्हा पाणी मागेन.

आक्काचा दुकानाशेजारच्या बूथवर फोन आला. एक दिवस त्यांच्याबरोबर पुढे बसून जा, म्हणाली, खरं काय ते एकदा कळू दे. मी रात्री वस्तीवर मुक्कामाला गेलो आणि पहाटे गाडीत त्यांच्या शेजारी बसलो. कडाक्याची थंडी. माणसं घेतली, नगर रस्त्याला लागलो. सुरुवातीला उजेड बरा होता. बल्ब तापले आणि बघता बघता समोरचा उजेड पांढुरका, पातळ होत गेला – पाणी घातलेल्या ताकासारखा. रस्त्याची कडा दिसेना. मी पुढे वाकलो. रस्त्याच्या बाजूला पडणारा उजेडसुद्धा थरथरत होता, जसा थेंबांतून येतो तसा. त्या भोकाचं काम मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. पण दिव्यात पाणी आहे आणि तो दिवा मीच सगळीकडून बुजवलाय, एवढं कळायला काय लागतं?

मला कळलं. मी पुन्हा सांगतो – मला त्या क्षणी सगळं कळलं.

तेवढ्यात दाजींनी करकचून ब्रेक मारला. पुढे उसाची ट्रॉली. मागे दिवा नाही, लाल फडकंही नाही. उसाची टिपरं आमच्या काचेला जवळजवळ टेकलेली. मागची पोरं एकमेकांवर आदळून जागी झाली. गाडी बंद पडली. दाजींचे हात चाकावर तसेच होते. जरा वेळानं त्यांनी विचारलं, अगदी हळू:

"इलास, तुला ती ट्रॉली कवा दिसली?"

मला ती दिसली होती त्यांच्यानंतर. त्यांनी ब्रेक मारला म्हणून दिसली. मी गाडी चालवत असतो तर आम्ही सगळे त्या उसात घुसलो असतो. त्या अंधुक उजेडात त्यांनी ती बघितली हेच आश्चर्य होतं. एवढी नजर मी कुणाची बघितली नाही.

मी म्हणालो, "मला तर लांबनंच दिसली, दाजी. मला वाटलं तुम्ही बघितली असंल."

मागे सगळे ऐकत होते. दाजींनी मान हलवली, खाली उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि दार उघडून म्हणाले, "तू बस तिकडं." मी चाकावर बसलो. तिथून रांजणगावपर्यंत मी ती गाडी चालवली – काही दिसत नसताना, सगळं दिसत असल्यासारखी. हळू चालवावी तर पितळ उघडं पडेल, म्हणून वेगात चालवली. नऊ माणसांचे जीव माझ्या एका वाक्याला बांधून नेले. नशीब म्हणायचं की रस्त्यात काही आलं नाही. दाजी शेजारी डोळे मिटून बसले होते. त्या दिवसानंतर ते चाकावर बसले नाहीत.

हीच ती गोष्ट, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटत होतं की इथे थांबता येईल. पण थांबलो तर हाही कबुलीजबाब अर्धाच.

वस्तीवरच्या म्हाताऱ्यांनी उपाय सांगितला. रातांधळ्याला शेळीचं काळीज द्यायचं, ओळीनं काही दिवस. आमच्याकडे पूर्वीपासून देतात. दाजी नाही म्हणाले. शेवग्याचा पाला खाल्ला, गाजरं खाल्ली. आक्का रडली, म्हणाली, औषध म्हणून घ्या, देवाला कळतं. गाडी बंद होती, पोरगी लग्नाला आली होती. शेवटी ते हो म्हणाले. घरात शिजवायचं नव्हतं, आक्काच्या भांड्यांत तर नाहीच. मग काम कुणाकडे आलं? मीच काळीज आणलं, माझ्या बायकोनं शिजवलं, आणि मीच डबा घेऊन वस्तीवर गेलो.

दाजी गोठ्यात बसले होते. घरात बसून खाणार नाही, म्हणाले. त्यांनी गळ्यातली माळ काढली. काढताना ती कानाला अडकली, ती त्यांनी हळूच सोडवली, कपाळाला लावली आणि आक्काच्या ओंजळीत दिली. आक्का ती घेऊन देवघराकडे गेली. मी डब्याचं झाकण काढलं. पहिला तुकडा तोंडात घातला आणि ते उठून गोठ्यामागे गेले. ओकण्याचा आवाज आला. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो. त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं, परत येऊन बसले. आणि राहिलेलं सगळं खाल्लं, मान खाली घालून, औषधासारखं नाही – शिक्षा भोगल्यासारखं.

मी समोर उभा होतो. तांब्या माझ्या हातात होता. दाजी, थांबा, डोळे तुमचे चांगले आहेत, दिवे मी बिघडवलेत. किती शब्द झाले? एका श्वासात बोलून होतात. मी अनेकदा बोलून बघितले आहेत, एकटा असताना. त्या दिवशी नाही बोललो. पहिल्या दिवशी नाही आणि नंतर डबा नेला त्या एकाही दिवशी नाही. ट्रॉलीच्या वेळी निदान विचार करायला फुरसत नव्हती असं म्हणता येईल. इथे होती. घरून वस्तीपर्यंत डबा हँडलला लावून सायकलवरून जाताना भरपूर होती.

कारण विचाराल तर काही मोठं कारण नाही. लोक काय म्हणतील, दाजी काय म्हणतील, आक्का पुन्हा दारात उभं करील का – एवढंच. याहून मोठं कारण असतं तर मला बरं वाटलं असतं.

काळजानं काही फरक पडला नाही. पडणार कसा? दाजींनी माळ परत घातली नाही. आक्का म्हणाली, पुन्हा घाला, रीतसर घाला. ते म्हणाले, "ज्या तोंडानं खाल्लं त्या तोंडानं कसं नाव घेऊ?" भजनाला जाणं थांबलं. आधी सगळ्यांच्या पुढे टाळ घेऊन उभा राहणारा माणूस, देवळाच्या बाहेरच्या पारावर बसायला लागला.

आणि गाडी त्यांनी मला दिली. "तू चालव. माणसांचं जीव हायती," म्हणाले. मी घेतली. हो, घेतली. घेतल्यावर पहिलं काम काय केलं असेल? दिवे खोलले. घरीच, त्याच चुलीवर. आत तळाला गढूळ पाणी, चकाकणारा पत्रा डागाळलेला, आणि मागे माझी दोन ठिगळं, घट्ट, एक कडासुद्धा उचकटलेली नाही. एका गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनला बोलता बोलता विचारलं तेव्हा त्या भोकाचा अर्थ कळला. तो हसला, म्हणाला, ते बुजवलं तर दिव्याचा माठ होईल. मीही हसलो त्याच्याबरोबर. ठिगळं चुलीत टाकली. भोकं मोकळी केली, नळ्या बसवल्या, पुन्हा सिलिकॉन भरलं. दुसऱ्या पहाटे रस्ता दूरवर स्वच्छ दिसत होता. पोरं मागे झोपली. दाजींच्या गाडीत झोपायची तशी.

दाजी पुढे एका गोदामावर राखणदार झाले, दिवसपाळी मागून घेतली. सूर्य कलला की उंबऱ्याच्या बाहेर पडायचे नाहीत. रात्री परसाकडे जायचं तर आक्का हात धरून न्यायची. पोरीचं लग्न गोरज मुहूर्तावर लागलं. मांडवात दिवे होते, पेट्रोमॅक्स होते, सगळं लख्ख होतं – आणि दाजी खुर्चीवरून उठले नाहीत. कुणीतरी दंडाला धरून त्यांना बोहल्यापाशी नेलं. ते पाऊल टाकताना आधी पायानं जमीन चाचपत होते. ज्याला दिसत होतं त्या माणसाला. तो धरून नेणारा मी नव्हतो. मी पंगतीचं बघत होतो. मी नेहमीच काहीतरी बघत असायचो.

एकदा, पुष्कळ वर्षांनी, माझ्या घरी जेवायला आले असताना म्हणाले, "तू व्हतास म्हणून बरं झालं, इलास. तू खरं बोललास म्हणून. न्हाईतर माझ्या हातनं कुणीतरी गेलं असतं बघ." मी त्यांच्या पानात भात वाढला. त्यांनी पुरे म्हणेपर्यंत वाढत राहिलो.

दाजी गेले ते हृदयविकारानं, एका सकाळी, अंगणात तोंड धुताना. मी पोचलो तेव्हा आक्का त्यांच्या उशाशी बसली होती. लोक जमत होते. शेजारच्या वस्तीवरचा एक मास्तर धावपळ करत होता. नेत्रदानाचं काम करायचा तो. त्यानं फोन केला असावा, कारण थोड्या वेळात शिरूरहून एक गाडी आली. त्यातून एक बाई आणि एक तरुण उतरले, हातात पांढरी पेटी. बाई फार समजूतदार होत्या. आक्काजवळ खाली बसल्या, हळू आवाजात समजावलं – दोन माणसांना दिसू लागेल, चेहरा जसाच्या तसा राहतो, वेळ लागत नाही.

आक्का म्हणाली, "ताई, दिलं असतं हो. पर ह्यांचं डोळंच अधू व्हतं. असलं डोळं दुसऱ्याच्या गळ्यात कशाला मारायचं? ज्याला लावाल त्याचं नशीब पुन्हा आंधळंच."

बाई म्हणाल्या, अधू म्हणजे कसे? बऱ्याच वेळा तसे डोळेही चालतात. नक्की काय त्रास होता, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? आक्कानं मान वर केली आणि मला शोधलं. गर्दीतून वाट करून मी पुढे झालो. "इलास, तू सांग ह्यांना," ती म्हणाली. "तुला समदं ठावं हाय."

दाजी समोर होते. डोळ्यांवर तुळशीची पानं ठेवली होती कुणीतरी. आता ते चिडणार नव्हते, नाव ठेवणार नव्हते, गाडी मागणार नव्हते. मला भ्यायचं होतं ते कुणाला? सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी पुन्हा चार माणसांत उभा होतो.

मी म्हणालो, "आक्का म्हणती ते खरं हाय. रातांधळं व्हतं त्यांना. राहू द्या."

बाईंनी हात जोडले. तरुणानं पेटी उचलून गाडीत ठेवली, आणि गाडी वस्तीच्या रस्त्यानं वळून निघून गेली. मग आम्ही दाजींना उचललं. दुपारच्या आत सगळं जळून गेलं होतं, डोळ्यांसकट.